वय विचारता, तसं चालणं-फिरणंही विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या खान्देशात घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या एमआरआयमध्ये डोक्यात गाठ निघाली की पहिला प्रश्न येतो वय किती, आणि सत्तरच्या पुढचा आकडा ऐकला की निम्मा निकाल तिथंच लागून जातो. कोणी म्हणतं या वयात कशाला, घरीच सेवा करा, कोणी म्हणतं उद्याच ॲडमिट व्हा, आणि गावातले लोक तर आधीच बोलून मोकळे, 'आते कसाले फाडाफाडी'. बरं ते वय तरी कुठे खरं असतं, शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून टाकून दिली तीच पुढे आधारवर आली, अर्ध्या गावाचा वाढदिवस एकाच दिवशी!

मग सांगतात फिटनेस आणा. आपण ईसीजी, टूडी इको, शुगर, छातीचा एक्सरे सगळं करून फिजिशियनची सही घेऊन येतो आणि वाटतं झालं काम. ते लागतंच, भूल देणारे डॉक्टर पेशंटला एएसएची ग्रेड, म्हणजे एकूण तब्येत कितपत धड आहे त्याचा दर्जा, लावतात त्यात हे सगळं बघतात, पण हार्ट चांगलं आहे म्हणजे माणसाला मेंदूचं ऑपरेशन झेपेलच असं नसतं. कार्नोफ्स्की नावाचा एक स्कोअर 1949 पासून वापरात आहे, 0 ते 100, त्यात 70 म्हणजे स्वतःचं स्वतः उरकतो पण कामधंदा होत नाही, आणि त्याच्या खाली जाऊ तशी रिस्क वाढत जाते. दुसरी क्लिनिकल फ्रेल्टी स्केल, 1 ते 9, अंगात किती दम उरलाय ते बघणारी, आणि ती लावायची कशी तर आज खाटेवर पडलेला माणूस बघून नाही, आजारी पडायच्या साधारण दोन आठवडे आधी तो कसा होता त्यावरून. मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ जी बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, तिच्यासाठी तर खास म्हाताऱ्या पेशंटचा एक स्कोअर आहे, त्याचं नावच SKALE, त्यात बघतात बाई की पुरुष, कार्नोफ्स्की, एएसए, गाठ कुठे आहे आणि भोवती सूज किती. वयाचा रकानाच नाही त्यात.

आता हे सगळे आकडे भरायचे कोणाला विचारून, खरी मेख तिथं आहे. आमच्या मावशीचं सांगतो. मेंदूच्या पुढच्या भागात मेनिंजिओमा, आधी बोलणं कमी झालं, मग कशातच लक्ष लागेना, मग कपड्यात लघवी व्हायला लागली, आणि आम्ही सगळे वयानं होतं वयानं होतं म्हणत राहिलो (एका दवाखान्यातही तेच ऐकवलं). मोठ्या डॉक्टरांसमोर नेलं तेव्हा ती व्हीलचेअरवर, मान खाली. डॉक्टरांनी विचारलं दोन-तीन महिन्यांपूर्वी काय काय करायच्या. पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला तशी बरी होती. सून दारात पिशवी धरून उभी, ती तिथूनच बोलली, दिवाळीपर्यंत कळण्याच्या भाकरी त्याच थापायच्या, एकट्या मळ्यात जाऊन यायच्या, बीपीची गोळी सुद्धा आठवणीनं घ्यायच्या. डॉक्टरांनी तिला आत बोलवून खुर्ची दिली आणि पुढचं सगळं तिलाच विचारलं, पडल्या होत्या का, वजन उतरलं का, कोणती रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. मग डेक्साची, म्हणजे सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडची, इंजेक्शनं सुरू केली, मेंदूची सूज उतरली तशी मावशी तिसऱ्या दिवशी उठून बसली, शुगर मात्र भडकली त्यामुळे इन्सुलिन लागलं. म्हणजे अंगातली ताकद संपलेली नव्हती, सुजेनं दाबून ठेवली होती. ऑपरेशन झालं. त्यानंतर दोन रात्री तिनं गेलेल्या काकांना हाका मारल्या, नळ्या ओढल्या, आम्ही घाबरलो, पण वयस्करांना असं होतं आणि चष्मा, कानाचं मशीन लगेच लावलं, ओळखीचं माणूस जवळ बसलं की फरक पडतो हे नर्सताईंनी सांगितलं. आता काठीनं चालते, भाकरी काही जमत नाही.

प्रत्येकाचं असंच होईल असं मुळीच नाही. छोटी, त्रास न देणारी गाठ असेल तर वेळोवेळी एमआरआय करून नुसती बघत राहतात. आणि ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा झपाट्यानं वाढणारा कॅन्सर, निघाला तर गोष्टच वेगळी, थकलेल्या माणसाची नुसती बायोप्सी करून सहाऐवजी तीन आठवड्यांचं रेडिएशन, 15 सिटिंगचं, देतात. भुसावळहून रात्रीची गाडी धरून मुंबईत परळला, टाटा हॉस्पिटलजवळ, खोली शोधणाऱ्या माणसाला विचारा हे तीन आठवडे वाचणं काय असतं ते.

नातेवाईक पण एकच विचारतात, जीव वाचेल ना. अहो, नंतर स्वतः उठून संडासला जाता येईल का, बोलता येईल का, आणि ऑपरेशन नाही केलं तर सहा महिन्यांत काय होईल हे पण विचारा ना. पैशाला आता 70 वर्षं आणि त्यावरच्यांना सरकारच्या आयुष्मान वय वंदना कार्डाचा पाच लाखांपर्यंत आधार आहे, ते ऑक्टोबर 2024 पासून सुरू झालं. पण घरी आल्यावर कूस बदलायला, भरवायला माणूस लागतं ते कार्डावर मिळत नाही, आणि बहुतेक घरात ती परत सूनच असते जिला निर्णयाच्या वेळी बाहेर बसवलेलं असतं.

म्हणून मागणी एवढीच की धुळे आणि जळगावच्या शासकीय मेडिकल कॉलेजांनी असा पेशंट मुंबई, नाशिक किंवा संभाजीनगरला पाठवायच्या आधी मराठीत एक पानाचा फॉर्म भरून द्यावा, दोन महिन्यांपूर्वी काय करत होते, किती पावलं आधाराशिवाय चालतात, वजन, पडणं, गोळ्या, कान, डोळे. आणि तो फॉर्म सोबत राहणाऱ्या माणसाला विचारूनच भरावा, गाडी करून आलेल्या पाहुण्याला विचारून नको.

आपला,
एक वाचक, ता. चोपडा, जि. जळगाव