फुगवटा आत जातो की अडकला, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘हर्निया, हायड्रोसील ऑपरेशनशिवाय मुळापासून बरे’ अशा जाहिराती खान्देशात भिंतींवर, एसटी स्थानकांवर आणि अधूनमधून वर्तमानपत्रांच्या छोट्या रकान्यांतही दिसतात. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) हा कायदा १९५४ सालचा आहे. ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरात करायला तो मनाई करतो, त्यांच्या यादीत हायड्रोसील आहे आणि ‘रप्चर’ही आहे. रप्चर हे हर्नियाचंच जुनं नाव: पोटाच्या भिंतीला भोक पडून त्यातून आतडं बाहेर फुगतं. ते भोक कोणत्याही चूर्णाने किंवा लेपाने बुजत नाही. अशा जाहिराती आपल्या दैनिकाने घेऊ नयेत, ही पहिली विनंती.

पण पत्र लिहिण्याचं खरं कारण रुग्णाच्या हातातला कागद आहे. केसपेपरवर किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘राइट इंग्वायनल हर्निया’ (उजव्या जांघेतला हर्निया) असं लिहिलेलं असतं आणि त्याला लागून आणखी एक शब्द असतो: रिड्यूसिबल, इररिड्यूसिबल, ऑब्स्ट्रक्टेड किंवा स्ट्रँग्युलेटेड. घरचे लोक हर्निया एवढंच वाचतात आणि ‘केळी निघू द्या, कापूस वेचून होऊ द्या, मग बघू’ असं ठरवतात. हाताशी महिने आहेत की तास, हे मात्र तो मागचा शब्द सांगतो.

रिड्यूसिबल म्हणजे आडवं झालं की किंवा हलकेच दाबलं की फुगवटा आत जातो आणि उभं राहून खोकलं की पुन्हा येतो. इथे तारीख ठरवून, सोयीने ऑपरेशन करता येतं. इररिड्यूसिबल म्हणजे तो आत जाईनासा झाला, पण आतड्याची वाट अजून मोकळी आहे आणि रक्तही मिळतंय. यात हंगाम संपायची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात सर्जनला दाखवावं. मात्र कालपर्यंत आत जाणारा फुगवटा आज अचानक अडकला आणि दुखू लागला, तर त्याच घटकेला निघावं. ऑब्स्ट्रक्टेड म्हणजे आतड्याचीच वाट बंद झाली: संडास आणि वारा दोन्ही थांबतात, पोट फुगतं, पीळ पडतो, हिरवट-पिवळ्या उलट्या सुरू होतात. स्ट्रँग्युलेटेडमध्ये अडकलेल्या आतड्याचं रक्त तुटतं. आधी पातळ भिंतीच्या शिरा दबतात, रक्त परत फिरत नाही, आतडं सुजतं. त्या सुजेने रक्त आणणारी रोहिणीही दबते आणि साधारण सहा तासांत आतडं काळं पडू लागतं. फुगवटा दगडासारखा घट्ट, हात लावू न देणारा होतो, खोकल्यावर हलत नाही, वरची कातडी लालसर होते. आतडं सडलं की तेवढा तुकडा कापून जोडावा लागतो. जंतुसंसर्गाच्या भीतीने भोकावर आधाराची जाळी बसवणंही बहुधा टाळावं लागतं. ठरवून केलं असतं तर एक-दोन दिवसांत घरी जाणारा माणूस मग अतिदक्षता विभागात पोहोचतो.

या तासांत घरी जे केलं जातं, त्यानेच बहुतेकदा घात होतो. गरम विटेने शेकणं, तेल लावून चोळणं, ‘पोट साफ होईल’ म्हणून एरंडेल पाजणं, गावात दुखण्याचं इंजेक्शन घेऊन सकाळपर्यंत थांबणं, हे सगळं टाळावं. इंजेक्शनने दुखणं दबतं, आतडं सुटत नाही. जोर लावून गोळा आत ढकलणं तर सर्वांत धोक्याचं. कधी कधी आवळणाऱ्या कड्यासकट सगळी पिशवीच आत सरकते. बाहेर फुगवटा दिसत नाही, घरचे निर्धास्त होतात आणि आत आतडं तसंच आवळलेलं राहतं. तासन् तास दुखून मग अचानक बरं वाटायला लागलं, तरी त्यावर विसंबू नये. आतडं मेल्यावरही कळ कमी होते.

करायचं ते असं. तोंडाने काही द्यायचं नाही, चहाचा घोटही नाही. शेवटचं खाणं-पिणं किती वाजता झालं आणि गोळा किती वाजता अडकला, या दोन वेळा कागदावर लिहून घ्याव्यात. भूलतज्ज्ञ आणि सर्जन पहिल्यांदा तेच विचारतात. रुग्णाला उताणं झोपवून कमरेखाली उशी द्यावी, गुडघे वाकवून ठेवावेत. १०८ला फोन करावा. खासगीत जायचं असेल तर निघण्याआधीच विचारावं, ‘सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघं आत्ता आहेत का?’ दोघं नसतील तिथे थांबून सलाइन लावण्यात अर्थ नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या घाटातून खाली यायलाच इतका वेळ लागतो की तिथल्या माणसाने उलटी होण्याची वाट पाहूच नये.

बायकांबद्दल वेगळं सांगावं लागतं. त्यांच्यात फेमोरल हर्निया पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. जांघेच्या घडीच्या खाली, आवळ्याएवढा, चटकन दिसूही नये असा. पण त्याचं तोंड अरुंद असल्याने अडकण्याचा धोका सर्वांत जास्त. बाईला उलट्या होतात, पोट फुगतं, ‘पित्त झालंय’ म्हणून दोन दिवस सलाइन चालतं आणि संकोचापायी जांघ कोणी तपासतच नाही. उलट्या आणि पोटफुगी घेऊन आलेल्या प्रत्येक बाईची जांघ तपासलीच पाहिजे. सिस्टरांना शेजारी उभं करून तपासा, असं नातेवाइकांनी निःसंकोच सांगावं.

जांघेतला प्रत्येक गोळा हर्निया नसतो. पायात काटा मोडला, जखम चिघळली की अवधान (जांघेत सुजलेली गाठ) येतं. ते दुखतं, ताप असतो, खोकल्याने त्यात फरक पडत नाही. हायड्रोसीलमध्ये अंडाभोवती पाणी साठतं. गोळ्याच्या वरच्या बाजूला चिमटीत बोटं एकमेकांना टेकतात आणि अंधारात बॅटरी लावली की गोळा लालसर उजळतो. हर्नियात बोटं टेकत नाहीत, कारण तो वरून पोटातूनच उतरलेला असतो. तान्ह्या बाळाचं आतडंही उजेडात उजळतं, म्हणून लहान मुलांत बॅटरीवर भरवसा ठेवू नये.

बाळाची फुगलेली बेंबी बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसते. त्यावर नाणं बांधून काही साधत नाही, कातडी मात्र चिघळते. जांघेतला हर्निया बाळात कधीच आपोआप जात नाही आणि अडकण्याचा धोका लहान वयातच जास्त. वजन वाढेपर्यंत थांबू, हा सल्ला इथे ऐकू नये.

एंडोस्कोपीच्या रिपोर्टवर ‘हायटस हर्निया’ आणि एमआरआयवर ‘डिस्क हर्निएशन’ वाचून घाबरलेली माणसंही येतात. पहिल्यात जठराचा वरचा भाग छातीकडे सरकलेला असतो. बहुतेकांचं काम गोळ्या, जेवणानंतर दोन-तीन तास आडवं न होणं आणि पलंगाची उशाकडची बाजू वीतभर उंच करणं यावर भागतं. दुसरं दुखणं मणक्यातल्या गादीचं. त्यात लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लुळं पडलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं.

ऑपरेशन ठरलं की सर्जनने विचारलं नाही तरी त्याला सांगायच्या काही गोष्टी आहेत. बिडी, जुना खोकला, बद्धकोष्ठ, लघवीला कुंथावं लागणं: अशा कारणांनी बऱ्याचदा भोक पडतं आणि ती तशीच ठेवली तर हर्निया पुन्हा येऊ शकतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर सांगाव्यात, मनाने बंद करू नयेत. नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलची (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का, हे सांगणं तितकंच गरजेचं. सोल्युबिलिटी चाचणीत फक्त सिकलसेल आहे एवढंच कळतं. वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढच्या रक्ततपासणीनेच ठरतं. एसएस रुग्णाला भूल देताना पाणी, ऊब आणि ऑक्सिजन यांत जरा कमतरता झाली तरी रक्तपेशी अडकू लागतात.

हर्नियाचा पट्टा वापरून भोक बुजत नाही. भुलेचा धोका खरोखरच मोठा असलेल्या वृद्धालाच, तेही गोळा पूर्ण आत घालून, झोपूनच पट्टा बांधायचा असतो. अडकलेल्या गोळ्यावर तो कधीच बांधू नये.

जाळीच्या खर्चाला लोक भितात. इथे खान्देशने अभिमानाने सांगावं असं काम आहे. दोंडाईचा येथील डॉ. टोणगावकर यांनी मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात) निर्जंतुक करून हर्नियासाठी वापरला आणि त्याचा अभ्यास २००३ मध्ये इंडियन जर्नल ऑफ सर्जरीत प्रसिद्ध झाला. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर स्वस्त मच्छरदाणीची आणि महागडी अशा दोन जाळ्यांची तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरानंतर दोन्हींच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. अर्थात कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी यासाठी चालत नाही. महाग जाळी म्हणजेच चांगलं ऑपरेशन, असं नाही, एवढं रुग्णांनी लक्षात घ्यावं. जांघेचं ऑपरेशन कमरेखाली भूल देऊन होतं, नुसती जागा बधिर करूनही होतं. दुर्बिणीतून करायचं तर मात्र बहुधा पूर्ण भूल लागते.

ऑपरेशननंतर अंडकोषाच्या पिशवीला थोडी सूज आणि निळसरपणा येतो, तो ओसरतो. जखमेखाली पाणी साठलं तर ते बहुधा आपोआप जिरतं, घाईने सुई घालू नये. ताप, जखमेतून पू, पहिल्या रात्री लघवी न होणं, यांसाठी लगेच कळवावं. त्याच दिवशी चालायला हरकत नाही. पण वीस-पंचवीस किलोचा केळीचा घड खांद्यावर घ्यायचा तर चार ते सहा आठवडे जाऊ द्यावेत.

शेवटची विनंती आरोग्य विभागाला, आपल्या दैनिकामार्फत. ‘गोळा आत जातो’, ‘आत जात नाही’, ‘आतड्याची वाट बंद’, ‘रक्तपुरवठा बंद’ अशा चार ओळींचा मराठी शिक्का प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात द्यावा आणि लागू असेल त्या ओळीवर डॉक्टरांनी केसपेपरवरच खूण करावी.

आपले,
खान्देशातील काही शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ