वहिनीच्या रिपोर्टवरून

लेस्टर

प्रिय आई,

दादानं वहिनीचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, हिमोग्लोबिन 9.2 म्हणजे खूपच कमी गं, बायकांना निदान 12 तरी हवं. फोनवर तू म्हणालीस की पालक आणि गूळ सुरू केलाय, ते चांगलंच आहे पण तेवढ्यानं भागणार नाही म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय.

पालकात 100 ग्रॅममागे जेमतेम 3 मिलिग्रॅम लोह असतं, आपल्या बाजरीत त्याच्या दुप्पट, 6 च्या वर. गुळात आहे, पण जेवणानंतरचा खडा असतो केवढासा, 10 ग्रॅमचा धरला तरी अर्धा मिलिग्रॅमच पोटात जातो. आणि दिवसाला बाईला आयसीएमआर, म्हणजे आपली सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, 29 मिलिग्रॅम सांगते! इथं इंग्लंडमध्ये 14.8 च सांगतात, कारण आपलं जेवण भाकरी-डाळ-भाताचं, त्यातलं लोह अंगी फार कमी लागतं, मटण-मासळीतलं जास्त लागतं. वहिनी खाते ना नॉनव्हेज, मग अधूनमधून चिकनची कलेजी करा तिच्यासाठी.

आता मुख्य गोष्ट, चहा. पोह्यांबरोबर चहा, जेवून उठलं की चहा, हे आपल्या घरात कायमचं, आणि चहानं जेवणातलं लोह अडतं. चहा बंद कर म्हणत नाही मी, फक्त जेवणापासून तासभर लांब ठेव. पोह्यांवर, मोडाच्या मटकीवर लिंबू मात्र भरपूर पिळ, लिंबानं लोह जास्त मिळतं, मोड आणल्यानंही मिळतं. आणि माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढ, टोमॅटोची किंवा चिंचेची आमटी तिच्यात केली की कढईतलंच थोडं लोह आमटीत उतरतं, फक्त झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायची.

इथं पांढऱ्या पिठात लोह घालायचा कायदाच आहे, त्यामुळे साध्या पावातूनही थोडं मिळतं. कॉर्नफ्लेक्समध्ये तर वरून घातलेलं असतं.

पण आई, 9.2 नुसत्या खाण्यानं भरून येणार नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या सोडायच्या नाहीत. शौचाला काळं होतं म्हणून बायका घाबरून बंद करतात, तसं होणारच त्या गोळ्यांनी, वहिनीला आधीच सांगून ठेव. कॅल्शियमची गोळी असेल तर ती वेगळ्या वेळी. आणि पाळीत जास्त जातंय का हे डॉक्टरांना सांगायला सांग, ती संकोचते, तू सोबत जा.

अजून एक, रागावू नकोस. ती सगळ्यांचं झाल्यावर जेवते, तोवर पालेभाजी संपलेली असते, मी आले होते तेव्हा बघितलंय. तिला तुझ्यासोबत बसव, ताटात आधी वाढ. पुढचा रिपोर्ट आला की दादाला लगेच पाठवायला सांग, बाबांना नमस्कार.

तुझी,
ताई