इटालियन क्रियापदांवर आघात दाखवा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला इटालियनचा धडा आमच्याकडे कापून वहीत चिकटवला जातो. नात पुढच्या वर्षी शिकायला मिलानला जाणार, म्हणून मीही तिच्याबरोबर बसते. गेल्या रविवारी ‘पार्लारे’ म्हणजे बोलणे, याची रूपे देवनागरीत आली. आघात कुठेच दाखवला नव्हता. ‘ते बोलतात’ हे रूप नात ‘पार्लानो’तल्या ‘ला’वर जोर देऊन आठवडाभर घोकत होती आणि मी मान डोलावत होते. जोर खरा ‘पार्’वर.

इटालियनमध्ये आघातचिन्ह लिहावेच लागते ते जोर शेवटच्या अक्षरावर असेल तेव्हा. एरवी वाचणाऱ्याला ते ठाऊक असावे लागते. ‘कापितानो’ घ्या. ‘का’वर जोर दिला तर ‘घडतात’, ‘ता’वर दिला तर ‘कप्तान’, ‘नो’वर दिला तर ‘त्याने नेतृत्व केले’. देवनागरीत तिन्ही हुबेहूब सारखे! ‘ते’च्या रूपात जोर एकवचनातल्या जागीच राहतो, एवढे छापले असते तरी पुरले असते. ‘मी फोन करतो’ म्हणजे ‘तेलेफोनो’, जोर ‘ले’वर, ‘ते फोन करतात’ म्हणजे ‘तेलेफोनानो’, तरी जोर ‘ले’वरच.

अक्षरांची फोडही द्यावी. ‘लेज्जेरे’ (वाचणे) आपण ले-ज्जे-रे लिहितो, ते तोडतात लेज्-जे-रे. ‘कापीस्को’त (मला समजते) मात्र ‘स’ पुढच्या अक्षरात जातो, अगदी आपल्या जोडाक्षरासारखा.

पुढच्या रविवारी ‘एरे’ने संपणारी क्रियापदे येणार असे वाचले. तिथे तर लिखाणावरून काहीच कळत नाही. ‘वेदेरे’त (पाहणे) जोर मधल्या ‘दे’वर, ‘लेज्जेरे’त पहिल्या ‘लेज्’वर. मूळ लॅटिनमध्ये शेवटून दुसरे अक्षर पहिल्यात दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व; ऱ्हस्व असले की आघात एक घर मागे सरकायचा. ३१ वर्षे मी शाळेत फळ्यावर ‘यमाताराजभानसलगं’ लिहून लघु-गुरू शिकवले. हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! वृत्ते शिकलेल्या मराठी वाचकाला ही गोष्ट दोन ओळींत पटेल.

तो तक्ता छपाईला जाण्यापूर्वी प्रत्येक रूपातले जोराचे अक्षर तेवढे ठळक करावे, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, विश्रामबाग, सांगली