सूचना : न फुलणाऱ्या लिलीचे कंद

सांगलीतील सर्व बागप्रेमी सभासदांसाठी,

ज्यांच्या लिलीला वर्षानुवर्षे नुसती पानेच येतात, त्यांनी आधी ओळख पटवावी. पट्टीसारखी, दोन रांगांत निघणारी पाने आणि कांद्याएवढा कंद म्हणजे अमरिलिस. गवतासारखी बारीक पाने रेन लिलीची. फुटबॉल लिली थंडीत जमिनीवर दिसतच नाही. मेली समजून कृपया उकरून फेकू नका, ती मे महिन्यात फुलते.

अमरिलिसचे पाणी डिसेंबरात तोडा. आठ-दहा आठवडे कोरडी विश्रांती मिळाली की फेब्रुवारीत कंद काढून सुटे करा. पाच सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचे कंद सहसा फुलत नाहीत. ते वेगळे लावून दोन-तीन वर्षे पोसा. मोठे कंद वीतभर अंतरावर, मान मातीबाहेर ठेवून लावा. खोल पुरणे ही सर्रास होणारी चूक. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतात, म्हणून वाफा उंच करून वाळू व कुजलेले शेणखत मिसळा. युरिया नकोच, पाने माजतात. रोज चार-पाच तास ऊन हवे. लावताना एकदा पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत थांबा.

फुले गेल्यावर फक्त दांडा कापा. हिरवी पाने कापू नका. त्यांच्याच अन्नावर पुढची कळी कंदात धरते.