चष्म्यानेही न दिसणाऱ्या मुलांचे काय?

मा. संपादक,

शाळा सुरू झाल्या की नेत्रतपासणी शिबिरांच्या आणि मोफत चष्मेवाटपाच्या बातम्या येऊ लागतात. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून माझी नोकरी झाली, त्यामुळे या शिबिरांचे मोल मी जाणतो. मात्र चष्मा लावूनही ज्याला फळ्यावरचे दिसत नाही, त्या मुलाचे पुढे काय होते हे बातमीत कधीच नसते. एक तर नंबर बदलून दुसरा चष्मा मिळतो, नाहीतर ‘अभ्यास टाळतो’ असा शेरा.

अशा बहुतेक मुलांना आळशी डोळा (लहानपणी नीट वापरात न आल्याने डोळ्याची नजर कमजोर राहणे) किंवा तसलाच काही दोष असतो. क्वचित एखाद्याच्या मेंदूत गाठ निघते. ती दृष्टीच्या नसेवर दाब देते, किंवा मेंदूतले पाणी अडवते आणि नस सुजते. नस सुजली तरी सुरुवातीला मूल नजर तपासायच्या तक्त्यावरची शेवटची ओळ धडाधड वाचते. क्रॅनिओफॅरिंजिओमासारख्या, मेंदूच्या तळाशी वाढणाऱ्या गाठीत समोरचे दिसते, पण बाजूचे दिसेनासे होते. पोर चौकटीला खांदा आपटते आणि घरात वेंधळे ठरते. सकाळी डोके दुखून उलटी झाली की आपण पित्त म्हणून मोकळे होतो. नव्याने आलेला तिरळेपणा तर काहींना भाग्याचाच वाटतो! नस एकदा वाळली की गाठ काढूनही गेलेली नजर परत येत नाही.

अशी मुले वेळीच हेरायला शिबिरात महागडे यंत्र लागत नाही. जाड काळ्या पुठ्ठ्याला मिलिमीटरभर भोक पाडावे. एक डोळा तळहाताने झाकायचा (बोटांनी नको, पोरे फटीतून बघतात) आणि दुसऱ्याने भोकातून वाचायचे. खालच्या ओळी दिसू लागल्या तर दोष बहुधा नंबरचा. नाही दिसल्या, तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्याचा पडदा आणि नस तपासलीच पाहिजे. डोकेदुखी-उलटीचे मूल मात्र तक्ता वाचत असले तरी पाठवावे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याची पथके शाळेत वर्षातून एकदा येतात. त्यांच्या तपासणीत ‘चष्म्याने नजर सुधारली का?’ एवढा प्रश्न ठळकपणे असावा आणि ‘नाही’ आले की मूल थेट जिल्हा रुग्णालयात जावे. नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. मजुरी बुडते म्हणून आईबाप जाणे पुढे ढकलतात. आठवडाभरात शाळेनेच फोन करून मूल दाखवले का, हे विचारावे.

— एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी, सातारा