बॉयलच्या आजींना जाहीर आभारपत्र

प्रिय आजी,

या पत्राची जर्मन प्रत तुमच्या पोस्टपेटीत टाकली आहे. मराठीत जाहीर लिहितोय, कारण जर्मनीतल्या बॉनला येणाऱ्या आपल्या माणसांना बॉयलमध्ये घर मिळालं, की ती पुलापलीकडच्या शहराकडेच बघत राहतात. आपण राहतो तो काठ काय आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही. तुम्ही सांगितलंत. नव्याने आलेल्या घरांना वेळ दिलात, तळघरात उतरून झडपा तपासल्यात, अर्ज कुठे आणि कसा करायचा ते दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार, आणि ते सगळं एका ठिकाणी लिहून ठेवण्याचा हा प्रयत्न.

तुमचा प्रश्न नेहमी एकच असतो : पैसे कोणी दिले, आणि विचारलं कोणाला? बॉयलचा इतिहास या प्रश्नावर छान उलगडतो. बॉनच्या चार विभागांपैकी ऱ्हाईन नदीच्या उजव्या काठावरचा हा एकटाच. १९५२ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला आणि १ ऑगस्ट १९६९ ला तो बॉनमध्ये विलीन झाला. म्हणजे स्वतंत्र शहर म्हणून जेमतेम १७ वर्षं. तरी जुनी माणसं आजही ‘बॉनला जाऊन येतो’ म्हणतात, ते का, हे तुमच्याबरोबर पुलावर उभं राहिल्यावर कळतं.

१८९८ पर्यंत इथे पूल नव्हता, दोरावरची नाव होती. तिची रचना तुम्ही कागदावर काढून दाखवलीत. नदीच्या वरच्या अंगाला पात्रात नांगर, त्याला लांबलचक दोर, दोर पाण्यात बुडू नये म्हणून त्याखाली ओळीने छोट्या होड्या, आणि टोकाला ही रुंद नाव. सुकाणूने नाव प्रवाहाला तिरकी धरली की पाणीच तिला ढकलत पलीकडे नेतं; परत यायचं तर तिरकेपणा उलट करायचा. शीड नाही, वल्हं नाही. बर्फ वाहत आला की मात्र सगळं ठप्प.

मग डिसेंबर १८९८ मध्ये पूल झाला. बॉयलने खर्चाचा वाटा उचलायला नकार दिला, तेव्हा बॉनकरांनी पुलावर दगडी माणूस बसवला, पार्श्वभाग बॉयलकडे करून. हाच तो ‘ब्र्योकेमेनशे’, म्हणजे पुलावरचा बुटका माणूस. बॉयलचं उत्तरही दगडातच : चप्पल उगारलेली बाई. इतक्या खुल्या दिलाने भांडणारे शेजारी विरळाच. तो पूल ८ मार्च १९४५ ला माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. नवा पूल १९४९ मध्ये सुरू झाला. त्याचा मधला गाळा सुमारे १९६ मीटरचा. १९६३ मध्ये अमेरिकन अध्यक्षांच्या हत्येनंतर त्याला केनेडींचं नाव मिळालं.

परटिणींबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते कोणत्याही पाटीवर एवढं नीट लिहिलेलं नाही. बॉयलच्या बायका कोलोनच्या सधन घरांचं धुणं धूत. कपडे भिजवायचे, राखेच्या किंवा सोड्याच्या पाण्यात उकळायचे, आपटायचे, नदीत खळबळायचे आणि काठच्या कुरणावर पसरायचे. खरी मेहनत त्यानंतरची. शुभ्रपणा येतो तो ऊन, ओलावा आणि हवा एकत्र आल्यावर, म्हणून पसरलेल्या कपड्यांवर सतत पाणी शिंपडायचं आणि ते उलटत राहायचं. कापड वाळू दिलं की शुभ्र होणं तिथेच थांबतं. धुतलेलं धुणं पोचवायला पुरुष कोलोनला जात आणि कार्निव्हलच्या, म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळाआधीच्या जल्लोषाच्या, दिवसांत तिथेच रमत. घरी बायका कामाला जुंपलेल्या. १८२४ मध्ये त्यांनी स्वतःची समिती काढली आणि राख-बुधवारच्या (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाच्या) आधीचा गुरुवार आपला म्हणून जाहीर केला. ऱ्हाईनकाठच्या बायकांच्या कार्निव्हलचं हे मूळ. १९५७ पासून त्या बॉयलच्या नगरभवनावर चाल करून जातात, आणि १९५८ पासून दरवर्षी एक ‘वेशेप्रिन्त्सेसिन’, म्हणजे धुण्याची राजकन्या, निवडली जाते. तुम्ही याला गंमत म्हणत नाही, कामगारांचा संप म्हणता. आम्हालाही तेच पटतं.

बॉयलमधल्याच श्वार्त्सऱ्हाईनडॉर्फच्या दुमजली चर्चबद्दल थोडक्यात. ११५१ मध्ये राजा तिसरा कोनराड याच्या उपस्थितीत त्याचं पवित्रीकरण झालं. बांधणारा आर्नोल्ड फॉन वीड पुढे कोलोनचा आर्चबिशप झाला. दोन मजल्यांच्या मध्ये अष्टकोनी झरोका आहे. वर मानकरी, खाली बाकीचे, प्रार्थना एकच. खालच्या मजल्यावरची बायबलमधल्या यहेज्केल या संदेष्ट्याच्या दृष्टान्तांची भित्तिचित्रं बघायची तर दुपारी नको, सकाळी जा, हा तुमचा सल्ला शंभर टक्के बरोबर.

आता पाणी. सगळ्यात जास्त आभार याचे.

आपल्या डोक्यात पूर म्हणजे श्रावण-भाद्रपद. इथे तो हिवाळ्यात येतो, मधल्या डोंगराळ भागातल्या पावसाने आणि वितळत्या बर्फाने. डिसेंबर १९९३ आणि जानेवारी १९९५, दोन्ही वेळा बॉनच्या नदीपातळीच्या मापकावर पाणी १० मीटरच्या वर गेलं. म्हणून आल्प्सकडे बघत बसायचं नाही, कोब्लेन्त्सला मिळणाऱ्या मोझेल नदीकडे बघायचं. मापकाचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, हेही तुम्ही पक्कं करून घेतलंत : कोलोनच्या मापकाचा शून्य समुद्रसपाटीपासून ३४.९७ मीटरवर धरला आहे. तिथे ६.२० मीटरला जहाजांवर वेगाची बंधनं येतात आणि ८.३० ला वाहतूक बंद होते. ऱ्हाईनवर मालवाहू जहाजं दिसेनाशी झाली, की तळघरातली खोकी वर आणायची वेळ टळून गेलेली असते. बॉयलमधल्या गाइस्लारच्या बाजूला आणखी एक गोष्ट : तिथे झीग नदी ऱ्हाईनला मिळते, आणि ऱ्हाईन चढली की पाणी झीगमध्ये उलटं शिरतं. आपल्या घराजवळची नदी शांत दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

बांध आणि भिंत वरून येणारं पाणी अडवतात, खालून येणारं नाही. ते दोन वाटांनी येतं. पहिली वाट गटाराची. तळघरातल्या नळीवर उलट्या प्रवाहाची झडप असते. तिच्या बैठकीत केस, वंगण, साबणाचा थर साचतो आणि झाकण पूर्ण टेकत नाही. वर्षातून दोनदा उघडा, पुसा, रबर तपासा, तरफ हाताने फिरवून बघा. झडप बंद असताना वरच्या मजल्यावर कोणी वॉशिंग मशीन लावलं, तर ते पाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि आपलंच धुणं आपल्याच तळघरात उतरतं. म्हणून जिन्यात पाटी लावायची. तुम्ही लिहून दिलेली पाटी आता बऱ्याच जिन्यांत आहे.

दुसरी वाट भूजलाची. तळघरात पाणी आलं की माणूस पहिल्यांदा पंपाकडे धावतो. बाहेर भूजल चढलेलं असताना तळघर कोरडं करणं हा सगळ्यात महागडा उत्साह. बाहेरच्या भूजलाची पातळी फरशीच्या वर एक मीटर असेल, तर फरशीच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून एक टन दाब येतो. फरशी उचलते, तडकते, जुनं घर असेल तर पायाही हलतो. बाहेरची पातळी उतरेल तसं आतलं पाणी हळूहळू काढायचं. पाणी आत शिरण्याआधी तळघराची वीज बंद. तेलाची टाकी असेल तर ती जमिनीला जखडलेली आहे ना ते बघायचं : १००० लिटरची रिकामी टाकी बुडाली तर तिला जवळजवळ एक टनाची उचल मिळते, ती नळ्या तोडून तरंगते, आणि भिंतीत मुरलेलं तेल पाण्यासारखं वाळत नाही.

विम्याचंही तुम्हीच सांगितलंत. घरसामानाच्या साध्या विम्यात पूर येत नाही. नैसर्गिक आपत्तीचं कलम वेगळं जोडावं लागतं, त्याला सहसा काही आठवड्यांचा प्रतीक्षाकाळ असतो, आणि जमिनीवर न येता भिंतीतून पाझरलेलं भूजल बहुतेक वेळा वगळलेलं असतं. इशारा आल्यावर फोन करून काही होत नाही.

राहता राहिलं कागदांचं. नवीन घरात गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी, आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला स्वतंत्र दाखला. भाडेकरार चालत नाही, आणि बहुतेकांची पहिली फेरी इथेच फुकट जाते. युरोपीय संघाबाहेरचं पारपत्र असेल तर पालिकेत मत देता येत नाही. पण विभागाच्या प्रतिनिधी मंडळाकडे लेखी सूचना किंवा तक्रार करण्याचा हक्क रहिवाशाला आहे, नागरिकत्व लागत नाही. हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. बागा, रस्त्यांची अवस्था, शाळांच्या इमारतींची देखभाल, स्थानिक मंडळांना मदत, हे विभागाच्या हातात. ट्रामचे मार्ग किंवा शहराचा कर तिथे मागायला गेलात तर अर्ज फिरत राहतो. अर्जाची तुमची पद्धत अशी : एका अर्जात एकच मागणी, पहिल्या वाक्यात जागा, दुसऱ्यात मागणी, मग कारण, शेवटी फोटो. ‘काहीतरी करा’ लिहिलं तर उत्तरही ‘दखल घेतली’ एवढंच येतं. ‘अमुक चौकात अमुक बाजूला दिवा बसवावा’ लिहिलं, तर कोणाला तरी हो किंवा नाही म्हणावंच लागतं. आणि बैठकीला जाऊन बसायचं. कोणी ऐकायला आलंय हे दिसलं की चर्चा लांबते, हे निरीक्षण तुमचंच.

वरच्या झडपा, टाक्या आणि अर्जांची यादी तुम्ही तपासून दिलीत तर नवीन येणाऱ्या घरांना तीच देऊ. कार्निव्हलच्या गुरुवारी आमची मंडळी नगरभवनासमोर असतील. पुरुषांना बजावून ठेवलं आहे : चांगला टाय घरी ठेवा, त्या दिवशी बायका पुरुषांचे टाय कापतात आणि कात्री कोणाला सोडत नाही.

आपली कृतज्ञ,
बॉयलमधली मराठी मंडळी