राखाडी पँटवाल्या गोलकीपरबद्दल

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

‘त्या पायजमावाल्या गाबोर किरायचं एवढं काय कौतुक?’ असं हंगेरीच्या या फुटबॉल गोलकीपरबद्दल खोचकपणे विचारलंयस, तेव्हा आता वाच निमूटपणे.

पायजमा नव्हे रे, साधी राखाडी ट्रॅक पँट. गावच्या हालादाश क्लबकडून खेळताना एकदा नेहमीची काळी पँट धुवायला गेली होती, म्हणून ही चढवली. संघ लागोपाठ जिंकला, मग त्याने ती सोडलीच नाही. शकुन म्हण हवं तर. तो स्वतः मात्र सोयीचं कारण पुढे करतो: थंडीत गोठलेल्या मैदानावर झेप घेतली की उघडे गुडघे सोलवटतात. नियमाने गोलकीपरला लांब पँट चालतेही. शाळेच्या मुरमाड ग्राउंडवर तूच गोलमध्ये असायचास, तुला वेगळं काय सांगू?

पण नुसत्या पँटवर कोणी इतकी वर्षं लोकांचा लाडका राहत नाही. १९९८ साली व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध हंगेरीकडून पदार्पण केलं आणि सुरुवातीलाच त्यांच्या टोनी पोल्स्टरची पेनल्टी अडवली. हेर्था बर्लिन क्लबकडून चॅम्पियन्स लीग ही युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा खेळला, मग इंग्लंडचे क्रिस्टल पॅलेस, बर्नली आणि जर्मनीचा १८६० म्युनिक हे क्लब. करंडकांच्या नावाने फारसं काही नाही, हे मान्य.

माझ्या मते खरी गोम इथेच आहे. हंगेरीचा जुना दिग्गज पुश्काश, त्याचे देशासाठी ८५ सामन्यांत ८४ गोल, त्याच्या नावाचं स्टेडियम, सगळं खरं. पण आजच्या बहुतेक हंगेरियनांनी त्याला खेळताना पाहिलेलंच नाही. १९८६ नंतर हंगेरी एकाही वर्ल्डकपला पोचली नाही. त्या पडत्या काळात बहुतेक वेळा गोलमध्ये कोण उभं, तर हाच, त्याच पँटीत. मोठ्या स्पर्धेविना अठरा वर्षं!

मग नोव्हेंबर २०१५, ऑस्लो. युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत जागा मिळवण्यासाठी नॉर्वेविरुद्धचा प्लेऑफ. आपल्या क्लाइनहाइस्लरने हंगेरीकडून पदार्पणातच गोल केला आणि उरलेला वेळ एकोणचाळिशीतला किराय नॉर्वेचे फटके अडवत राहिला. १-०. परतीचा सामनाही जिंकून ४४ वर्षांनी हंगेरी युरोला गेली. बोर्दोत पुन्हा ऑस्ट्रियाच समोर, २-० ने हरवलं. चाळीस वर्षांचा किराय जर्मनीच्या मॅथेउसला मागे टाकून तेव्हाचा युरोतला सर्वांत वयस्कर खेळाडू ठरला. बुडापेस्टमध्ये लोक रस्त्यावर उतरले. स्टेडियममध्ये राखाडी पँटा घातलेले चाहते दिसायचे. कोणत्या स्टारसाठी लोक असे गबाळे कपडे हौसेने घालतात, सांग बरं?

पुढे बेल्जियमने ४-० धुतलं, हे तू काढशीलच. त्यातले तीन गोल शेवटच्या पंधरा मिनिटांतले, आणि त्याआधी डी ब्रुइनेची फ्री किक त्याने कशी बोटांनी दांडीवर ढकलली, तेवढं बघून मग बोल. १०८ आंतरराष्ट्रीय सामने खेळून त्याच वर्षी तो थांबला. क्लबसाठी मात्र त्यानंतरही खेळत राहिला, तोही आपल्या हालादाशकडूनच.

वहिनींना नमस्कार. उत्तर लवकर पाठव, आणि भांडायचंच असेल तर मुद्द्यावर भांड.

तुझा,
अविनाश